सोपानला म्हटलं, सगळं एकदम कर

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता आणि त्याला शिकवणारा एक हुशार मालक होता. भोळ्याचं नाव सोपान. हुशाराचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट तोच सांगतोय आणि त्याला अजून याच गावात राहायचंय.

पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझी कंपनी. कंपनी म्हणजे मी, माझी धाकटी बहीण वैजू आणि सोपान. गावच्या दूध संघाचा प्रोग्राम आम्ही लिहायचो. कुणाचं दूध किती, त्याला फॅट किती, दर काय बसला, सगळं त्यात. आता प्रोग्राम माणसाने लिहिला म्हणून तो यंत्राला लगेच कळत नाही. त्याच्या शेकडो फायली असतात. एकेक फाइल दळून यंत्राच्या भाषेत आणायची आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक गोळा मळायचा. याला आम्ही बिल्ड म्हणतो. आमच्या बिल्डला अर्धा दिवस लागायचा. एक स्वल्पविराम बदलला तरी अर्धा दिवस. तेवढ्या वेळात खालच्या गिरणीत गावाचं दळण उरकायचं आणि आम्ही वर चहा पीत बसायचो. कुणी विचारलं तर काम चालू आहे म्हणून सांगायचो.

सोपानला मी निवडलं नव्हतं. त्याचे वडील बापू थोरवे दूध संघाचे चेअरमन. संघाचं काम हवं तर पोराला ठेवून घ्या, असं त्यांनी सांगितलं आणि मी ठेवून घेतलं. पोरगा डिप्लोमा झालेला, कामाला वाघ, खोटं बोलणं ठाऊक नाही. फक्त त्याला जे सांगाल ते तो करायचा. तेच करायचा. तेवढंच करायचा.

त्याला काढून टाकायची सोय नव्हती, कारण त्याची थोरली बहीण कांचन. ती संघात दुधाचं फॅट तपासायची. आमचं एकमेकांवर मन बसलं होतं. मी पस्तिशी गाठलेला, डोक्यावर चंद्र उगवायला लागलेला, बऱ्याच स्थळांनी चहा पाजून परत पाठवलेला. कांचनसारखी मुलगी हो म्हणते याचं मलाच आश्चर्य वाटत होतं. एक दिवस धीर करून बापूंकडे गेलो.

बापू म्हणाले, "एक दुरुस्ती कराय अर्धा दिस लावणाऱ्या माणसाला मी पोरगी देत न्हाई. ते तुमचं बिल्ड का काय, कप थंड व्हायच्या आत करून दावा. मग बैठकीचं बघू."

म्हणजे माझं लग्न आता बिल्डवर अडलं होतं.

मी नवं यंत्र आणलं. त्याला आठ कोअर होते. आठ हात म्हणा. जुन्या पद्धतीत काम एकच हात करायचा आणि बाकीचे बसून राहायचे. आठही हात कामाला लावले की झालं, इतकी साधी गोष्ट. ती मी सोपानला नीट समजावून सांगायला हवी होती. पण कांचन संघातून सुटायची वेळ झाली होती आणि मला तिला वाटेत गाठायचं होतं. जिन्यावरूनच ओरडलो, "एकामागून एक काय करतोस? सगळं एकदम कर!"

"बरं सर. आता कळलं."

परत आलो तर जिन्यातच गिरणीवाले दत्तोबा भेटले. म्हणाले, "वर दुसरी गिरणी टाकलीसा व्हय? न सांगता?" यंत्राचा पंखा तसा आवाज करत होता. सोपानने सगळ्या फायली एकदम सुरू केल्या होत्या. आठ हातांत शेकडो कामं. यंत्र एवढं तापलं होतं की वैजूने त्याच्यावर ओले मोजे वाळत टाकले होते. शेवटी त्याने एक सुस्कारा सोडला आणि काळा पडदा दाखवला.

"अरे शहाण्या," मी म्हणालो, "जेवढे हात तेवढीच कामं घ्यायची. हातातलं एक संपलं की मगच पुढचं उचलायचं."

"बरं सर. आता कळलं."

वैजू म्हणाली, "त्याचं काय चुकलं दादा? तू सांगितलंस तेच त्याने केलं."

सोपानला कळलं म्हणजे पुढची पाळी आपली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बापूंकडे सत्यनारायण होता. मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि पंगतीत बापूंच्या चुलत्यांशेजारी बसलो. वाढायला सोपान. त्याने पहिल्या दोघांना भात वाढला, आमटी वाढली, शिरा वाढला आणि हात जोडून उभा राहिला. तिसरा मी. माझ्यापुढे नुसतं मीठ आणि लिंबू.

"सोपान, भात."

"थांबा सर. हात दोन आहेत. दोन कामं चालू आहेत. एक संपलं की तुमचं उचलतो."

ती दोन कामं म्हणजे बापूंचे चुलते आणि त्यांचे व्याही. दोघांनाही दात नव्हते. चुलते एकेक शीत तोंडात घोळवून जेवत होते आणि मधे विहिरीच्या खटल्याची हकिकत सांगत होते. मागे पंचवीस माणसं रिकाम्या पत्रावळींवर बसली होती. कांचन दाराआडून बघत होती आणि पदर तोंडात धरून हसत होती. मी भुकेने नाही, लाजेने अर्धा झालो.

हात धुताना सोपानला बाजूला घेतलं. "अरे, माझं त्या म्हाताऱ्यांवाचून काही अडलं होतं का? ज्याचं दुसऱ्यावाचून अडलंय त्यानेच थांबायचं. आधी विचारायचं, कुणाचं कुणावाचून अडतं. मग ठरवायचं."

"बरं सर. आता कळलं."

हे मात्र बिल्डच्याही कामाचं होतं. काही फायली अशा असतात की दुसरी दळून झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. सोपान दुसऱ्या दिवशी प्रत्येक फायलीबद्दल मला विचारायला लागला. हिचं कुणावाचून अडतं सर? आणि हिचं? मी फोनवर होतो. फोन कांचनचा होता. मी वैतागून म्हणालो, "अरे बाबा, सगळ्यांचं सगळ्यांवाचून अडतं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळी बघतो तर यंत्र थंडगार. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. सोपान समोर हाताची घडी घालून प्रसन्न बसलेला.

"काय चाललंय?"

"सगळ्या फायली एकमेकींची वाट बघतायत सर. सकाळपासून. एकीनेही घाई केली नाही. फार शिस्तीच्या आहेत."

मी डोकं धरलं. "अरे, सगळेच वाट बघत बसले तर सुरुवात कोण करणार? अशा वेळी बघायचं, सगळ्यांत हलकं कोण आहे, जे कुणावर टेकलेलं नाही. त्याला ढकलायचं पुढे. एक हललं की बाकीचे आपोआप हलतात."

"बरं सर. आता कळलं."

आणि खरंच कळलं. त्याने सगळ्यांत हलकी फाइल शोधून पुढे ढकलली. तिच्यामागे दुसरी सुटली, मग आठही हात कामाला लागले. वैजूने चहा ओतला होता. तिची बशी संपायच्या आत बिल्ड झालं. मी आनंदाने ओरडलो ते खाली गिरणीत ऐकू गेलं. बापूंना बोलावून आणलं, त्यांच्यापुढे पुन्हा करून दाखवलं. बापूंनी कपाला बोट लावून पाहिलं. कप गरम होता.

"गुरुवारी या," ते म्हणाले. "मोठी माणसं घिऊन."

बैठकीला माझ्याकडून माझे मामा आले. मामा काडीसारखे, पण मान मोठा. आमच्याकडची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मुलाकडचे विषय काढत नाहीत, कारण ते मुलाकडचे. इथे मुलीकडचे चेअरमन, तेही काढेनात. आधी पावसावर बोलणं झालं. मग उसावर. मग पेंडीच्या दरावर. पोहे झाले, पुन्हा पावसावर बोलणं झालं. लग्नाचा शब्द कुणी काढेना. मी घामाघूम.

सोपान कोपऱ्यात उभा होता. तो एकेकाला निरखत होता. सगळे वाट बघतायत, हे त्याच्या ध्यानात आलं. सगळ्यांत हलकं कोण, हेही ध्यानात आलं. मामांची पाठ खुर्चीला टेकलेलीच नव्हती, मानाने ताठ बसले होते. सोपान मागून गेला आणि मामांना दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

मामा थेट बापूंच्या पायांवर.

आमच्या सात पिढ्यांत मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाचे पाय धरले नव्हते. बापूंचे डोळे भरून आले. "अवो उठा, उठा! एवढं पाय धरू नगा. दिली पोरगी!"

मामांना उठून खरं सांगायचं होतं, पण तोवर त्यांच्या तोंडात पेढा होता. पुढे तारीख काढताना पुन्हा सगळे गप्प झाले, तेव्हा सोपान पुन्हा मामांच्या मागे जाताना दिसला. मी त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं.

"एकदा झालं ना? मग पुन्हा कशाला? झालेलं काम, ज्यात काही बदललं नाही, ते पुन्हा करायचं नसतं. आधीचंच उचलून ठेवायचं. बिल्डमध्येपण हेच कर. बदललेल्या फायलीच दळ, बाकीच्यांचं कालचं पीठ वापर."

"बरं सर. आता कळलं."

आत येताना वैजू भेटली. "त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तुझं लग्न त्यानेच जमवलं."

बिल्ड आता चुटकीसरशी व्हायला लागलं. मी गावभर सांगत सुटलो की सोपानला मी घडवलं. तेवढ्यात बस्ता बांधायचा दिवस आला. कांचन साड्या घ्यायला तालुक्याला गेली आणि दोन-तीन दिवस फॅट तपासायला तिच्या जागी सोपान बसला. रांग भराभर सरकू लागली. लोक खूश. सोपान दूध बघतच नव्हता. माणूस बघायचा, म्हैस कुठली ते विचारायचा आणि कालचं फॅट लिहायचा. म्हैस तीच, धनी तोच, वैरण तीच. काय बदललं?

ही सवय सगळ्यांत आधी रांगेत दूध घालणाऱ्या खाशाबाच्या लक्षात आली. दुसऱ्या दिवशी त्याने विहिरीचं पाणी आणलं. त्याला सात फॅट लागलं. तिसऱ्या दिवशी विहिरीवर गर्दी झाली आणि चौथ्या दिवशी शहरातून टँकर परत आला. त्यासोबत निरोप होता की एवढं स्वच्छ पाणी पाठवल्याबद्दल आभार.

बापू जिना चढून आले. धापा टाकत होते. "ह्याला ह्ये कुणी शिकिवलं?"

सोपानने प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट केलं.

"पाव्हणं," बापू म्हणाले, "हळद लागायला अजून आठ दिस हायती. आणखी असलं कायबी झालं तर ती लागायची न्हाई."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी सोपानपुढे बसलो आणि हात जोडले. "सोपान, कालचं पीठ वापर म्हणालो, पण ते बरोबर आहे का याची शंका आली तर ते वापरायचं नाही. शंका आली की जुनं सगळं पुसून टाकायचं. काही शिल्लक ठेवायचं नाही. मग पहिल्यापासून करायचं. बिल्डचा हा शेवटचा नियम."

"बरं सर. आता कळलं."

नियम अगदी बरोबर होता. जगातले सगळे प्रोग्रामर तो पाळतात.

लग्न मंगल कार्यालयात. आमच्याकडे होम आणि सप्तपदी सकाळी, अक्षता दुपारी. सगळं सुरळीत चाललं होतं. लाजाहोमाला मुलीच्या भावाने तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात. सोपानने घातल्या, एकही सांडली नाही. मला बरं वाटलं. सप्तपदी सुरू झाली. तांदळाच्या राशींवरून कांचन पाऊल टाकत होती, मी शेजारी. आपण हिशोबाला किती पक्के, हे पाव्हण्यांना दिसावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "गुरुजी, ही पाचवी रास ना? तुम्ही सहावी म्हणालात. मला शंका आहे."

मागून आवाज आला. "शंका आली सर?"

"हो, थोडीशी."

झालं. सोपानने कलश उचलला आणि होमावर ओतला. झाडू घेऊन तांदळाच्या राशी लोटल्या. माझ्या उपरण्याची आणि कांचनच्या शेल्याची गाठ सोडली. माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या काढल्या, कुंकू ओल्या टॉवेलने पुसलं. आदल्या दिवशीची हळद काही निघेना, म्हणून तो माझे दंड साबणाने चोळायला लागला. "काही शिल्लक ठेवायचं नाही, सर," असं मला समजावतही होता. गुरुजी धुरात खोकत होते. कांचन एवढी हसत होती की तिला पाटावर बसावं लागलं. मला मात्र हसू येईना. एवढं जवळ आलेलं लग्न हातचं चाललं होतं.

बापू उठले. "ह्याला ह्ये कुणी..."

"मी," मी आधीच सांगून टाकलं.

कांचनने डोळे पुसले आणि म्हणाली, "बापू, मुहूर्ताला अजून वेळ आहे. गुरुजी, होम पेटवा. पहिल्यापासून तर पहिल्यापासून."

मी सोपानचे खांदे धरले. आता कसलाही नियम सांगायचा नाही, हे मी ठरवलं होतं. हुशार माणूस चुकांतून शिकतो. "सोपान, आता मनाने काही करू नको. माझ्या शेजारी उभा राहा. मी करीन ते, मी करीन तेव्हाच, अगदी माझ्याबरोबर कर. बस्स."

"बरं सर. आता कळलं."

मी काय करणार? खाली मान घालून उभा राहणार. मग तोही राहील. माझा अंदाज हा.

विधी पुन्हा झाले. मी बसलो की तो बसला. मी आचमन केलं, त्याने केलं. मी नमस्कार केला, त्याने केला. कशात काही अडलं नाही. दुपार झाली. चेअरमनच्या घरचं लग्न, म्हणजे अक्षतांआधी सत्कार आलेच. गावोगावच्या संघांचे अध्यक्ष येऊन गेले तरी हार उरले. त्या हारांचं तबक घेऊन वैजू कांचनच्या शेजारी उभी होती. अंतरपाटाच्या अलीकडे मी आणि माझ्याबरोबर सोपान.

मंगलाष्टकं संपत आली. मी हार उचलला. शेजारी सोपानने अंतरपाटाच्या कडेने हात लांब करून वैजूच्या तबकातला हार उचलला. तो मला दिसला, पण सावधान म्हणताना कोण सावध असतं? अंतरपाट बाजूला झाला. मी कांचनच्या गळ्यात हार घातला. सोपानने समोर बघितलं. समोर वैजू होती. त्याने तिच्या गळ्यात हार घातला.

बँडवाल्यांना काय, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अक्षता चौघांवर पडल्या.

मी कपाळावर हात मारला. सोपानने कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "अरे देवा!" तो म्हणाला, "अरे देवा!"

मामा ओरडले, "हे साटंलोटं कधी ठरलं? मला कुणी सांगितलं नाही!"

बापू पुढे आले. वैजूपुढे त्यांनी हात जोडले. "पोरी, ह्यो येडा हाय. तू हार काढून टाक. कोण काय म्हणायचं न्हाई, मी हाय हितं."

वैजूने हाराला हात लावला. मग सोपानकडे बघितलं. तो अजून कपाळाला हात लावून उभा होता, कारण मी उभा होतो.

"बापू," ती म्हणाली, "यांचं काय चुकलं? दादाने सांगितलं तेच यांनी केलं. सांगितलेलं ऐकणारा नवरा मला दुसरा कुठे मिळणार?" आणि तिने तबकातला दुसरा हार उचलून सोपानच्या गळ्यात घातला. सोपानने माझ्याकडे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःहून लाजला.

बापू पोट धरून हसायला लागले. त्यांच्यामागे सगळं कार्यालय हसलं. मी सोडून.

पुढचा मान कानपिळीचा. मुलीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवाने आहेर कबूल केला की सोडायचा. गुरुजींनी हाक दिली, "मुलीचा भाऊ, पुढे या." आम्ही दोघेही पुढे झालो. मुलीचा भाऊ तो, मुलीचा भाऊ मी. नवरदेव मी, नवरदेव तो. मी त्याचा कान धरला. त्याच वेळी त्याने माझा धरला. मी पिळला, त्याने पिळला. मी कळवळलो.

"आधी तू सोड!" मी म्हणालो.

"आधी तू सोड!" सोपान म्हणाला.

"सोड म्हणतो ना!"

"सोड म्हणतो ना!"

आमचे कान लाल झाले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीला नीट दिसेना. तिने पुढे वाकून विचारलं, "अगं पोरींनो, ह्यातला येडा कंचा म्हणायचा?"

कांचनने आणि वैजूने एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.